घाबरल्यावर येणारा शब्द

एकोणीसशे एक्क्याण्णव साल. त्या वर्षी इस्पितळातली व्यायामाची खोली नव्याने रंगवली, आणि रंगाच्या वासापुढे ताईला कितीतरी दिवस माणसं ओळखू येईनात. ती जन्मापासून आंधळी. माणूस दारात आला की आधी वास, मग पाऊल, मग आवाज, अशी तिची ओळख पटायची. आखडलेले खांदे, गुडघे, कोपरं मोकळी करणं हे तिचं काम.

तिला वाट दाखवायला कुत्रा होता, खास शाळेत शिकून आलेला. इतका सभ्य, की इस्पितळातल्या नर्सनी त्याला ‘रावसाहेब’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. वाटेत खड्डा असला, तर ताईने कितीही “चला” म्हटलं तरी पाय रोवून उभा राहायचा. भुंकणं मात्र त्याला ठाऊकच नव्हतं.

हा सभ्यपणा एक दिवस अंगाशी आला. भरदुपारी, घराच्या जिन्यात, दुसऱ्या वळणावर कुणीतरी उभं होतं. ओल्या लोकरीचा वास आला. “कोण आहे?” ताईने विचारलं. गार बोटं तिच्या मानेवर फिरली. सावकाश, गळ्यातल्या साखळीचा फासा शोधत. साखळी तुटली. आणि रावसाहेब? त्याने बाजूला सरकून त्या माणसाला उतरायला वाट करून दिली. जाता जाता त्या माणसाने त्याला थोपटलं, तेही ताईला ऐकू आलं. शेपटी भिंतीवर आपटत होती.

“वा! चोराला पाणी विचारलं की नाही?” धाकटी बहीण म्हणाली. चेष्टा करत होती, पण आवाज कापत होता.

साखळी गेली त्याचं ताईला काही नव्हतं. बोटं राहिली होती. जिना चढताना रोज ती मानेवर यायची. दुसऱ्या वळणाशी पाय थिजायचे. कामावर खाडे व्हायला लागले.

तिने कुत्र्याच्या शाळेतल्या बाईंना फोन केला. “त्याला राखण करायलाही शिकवा ना.”

“नाही शिकवायचं, ताई,” बाई म्हणाल्या. “गर्दीतून तुम्हाला नेणं हे त्याचं काम. प्रत्येक माणसाचा संशय घ्यायला लागला, तर खड्डा कधी बघणार? आणि उद्या तुम्ही रस्त्यात पडलात, तर उचलायला आलेल्यालाही जवळ येऊ देणार नाही.”

“बोलायला काय जातंय!” फोन ठेवल्यावर धाकटी फणकारली. “ज्याचं जळतं त्याला कळतं.”

मग एका हवालदाराला धाकटीनेच शोधून काढलं. पोलिसांची कुत्री तयार करण्यात त्याचा जन्म गेलेला, आता निवृत्त. आवाज असा, की खडीवरून गाडी चाललीय.

“ताई, एक सांगा. घाबरल्यावर तुमच्या तोंडून काय निघतं?”

“काय निघणार? आई गं!”

“झालं तर. तोच आपला हुकूम, समोरच्याला धरायचा. लोक म्हणतात, परक्या भाषेतला शब्द द्या. अहो, मानगुटीवर हात पडल्यावर शिकवलेला शब्द आठवतो कुणाला? आपोआप येतो तोच खरा.”

“आणि सोडवायचं झालं तर?”

“‘सोड’ म्हणायचं. तोवर तुम्ही शांत झालेल्या असणार.”

ताईला ते पटलं. तिने रजा टाकली आणि रोज मैदानावर जाऊ लागली. हवालदाराचा मदतनीस जाड गाद्यांचा कोट घालून यायचा आणि ताई “आई गं” म्हणायची. पहिल्या दिवशी रावसाहेबाने नुसता तिचा हात चाटला. पण हुशारच तो, शिकला. त्याची गुरगुर तिने पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला आनंद झाला, आणि तरी तिने हात मागे घेतला. ओळखीच्या अंगात कुणी भलताच राहायला आला होता.

जिन्याची भीती मात्र गेली. ती कामावर परतली.

पहिलेच आले शिंपीकाका. उजवा खांदा असा धरलेला, की कात्री उचलेना. ताईने त्यांचा हात हळूहळू वर नेला.

“आई गं!” काका कळवळले.

टेबलाखाली पट्ट्याची कडी वाजली. मग ती गुरगुर.

ताईने काकांचा हात हळूच खाली आणला. या खोलीत दिवसभर दुसरं ऐकू काय येतं? इतकी वर्षं ती लोकांच्या तोंडून तेच दोन शब्द काढत आली होती. हवालदाराला ते माहीत नव्हतं. पण तिला? तिला त्या शब्दांची एवढी सवय झाली होती, की ते कानावर पडूनही ऐकू येत नव्हते.

“काका, आई गं म्हणू नका.”

“मग काय, सासूबाई म्हणू?”

“आकडे मोजा.”

“छाती छत्तीस,” काका कण्हले, “कंबर चाळीस... पोट सुटलंय बघा गिऱ्हाइकाचं... अयाई!”

खोलीभर हसू पसरलं. ताई हसली नाही. कुणाला सांगायची सोयच नव्हती. सांगितलं तर कुत्रा बंद. कुत्रा बंद, की रस्ता बंद, बस बंद, नोकरी बंद. तो फक्त माझ्या आवाजावर शिकलाय, असं ती मनाला समजावत राहिली. ते खरंही होतं. दुसरं कुणी कण्हलं तर तो गुरगुरायचा, पण उठायचा नाही.

म्हणजे सगळं येऊन थांबलं तिच्या तोंडावर. चहाने जीभ पोळली तरी ती ओठ चावायची. झोपेत ‘आई गं’ बरळले तर, म्हणून धाकटीला खोलीत झोपू देईना. “माझं काय चुकलं गं?” धाकटी विचारायची, आणि ताईला सांगता येत नसे. चोराची भीती जिन्यापुरती होती. ही जिभेवर येऊन बसली होती.

आणि एका दुपारी शिंपीकाकांचा स्टुलावरून उठताना झोक गेला. त्यांच्या बुटाची टाच, सगळ्या भारानिशी, ताईच्या अंगठ्यावर पडली.

“आई गं!”

टेबल सरकलं. कापड टर्रकन फाटलं. काका ओरडले, तो आवाज माणसाचा वाटेना. ताईला सुटकेचा शब्द हवा होता. तो मैदानावर शांतपणे घोकलेला होता, आणि आता कुठे गेला कोण जाणे. “आई गं, आई गं!” तेवढंच तोंडातून येत राहिलं, आणि दर वेळी कुत्र्याची पकड घट्ट झालेली काकांच्या किंकाळीतून कळत होती. ताई स्वतःच त्याला चेव देत होती.

हे लक्षात आलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. गुडघ्यावर बसली. मग एक हात काढून चाचपडत पुढे नेला. केस, पट्टा, ओला जबडा, त्यात काकांचा हात. तिथे बोटं टेकल्यावर शब्द आला, अगदी कुजबुजल्यासारखा. “सोड.”

रावसाहेबाने सोडलं, आणि लगेच तिचा गाल चाटला. गालाला रक्ताचा वास आला.

मोठे डॉक्टर धावत आले. “कुत्र्याच्या शेपटीवर माझाच पाय पडला,” टाके पडता पडता काका म्हणाले. ताईला वाचवायला माणूस खोटं बोलत होता. तेवढ्यावर निभावलंही असतं. पण उद्या पुन्हा कुणाचा तरी हात त्याच टेबलावर येणार होता. तिने सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या. ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

“शिकवलेलं विसरेल का हो तो?” ताईने विचारलं.

“विसरेलही. पण तुम्हाला खात्री वाटेल का?”

ताईने पट्ट्याची मूठ त्यांच्या हातात दिली.

शिंपीकाकांचा हात भरून आला, पण करंगळी वाकडी राहिली. खांद्यासाठी मात्र ते पुन्हा ताईकडेच आले, आणि मुलाने दुकान हाती घेईपर्यंत कपडे बेतत राहिले. हवालदाराने त्यानंतर आंधळ्यांची कामं घेतली नाहीत. धाकटीचं लग्न होऊन ती दूर गेली. तिच्या घरात कुत्रा कधी आला नाही. जिन्यातला माणूस सापडला नाही. ताई दोन वर्षं काठीने चालली. मग शाळेने दुसरी कुत्री दिली, काळी, आणि तिच्यासोबत ताई निवृत्त होईपर्यंत कामावर गेली. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर शेवटपर्यंत थोडी थांबायची, आणि मग चढायची.

रावसाहेबाला हवालदाराने आपल्या अंगणात ठेवून घेतलं. ताई एकदाच भेटायला गेली, धाकटीच्या लग्नाआधी, तिला बरोबर घेऊन. त्याने धावत येऊन तिच्या मांडीवर डोकं टेकलं. ताई त्याच्या कानामागे खाजवत होती, पण ओठ घट्ट मिटून. निघेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

“एवढी लांब आलीस आणि त्याच्याशी बोललीसुद्धा नाहीस?” परतीच्या बसमध्ये धाकटीने विचारलं.

“भीती वाटली गं,” ताई म्हणाली.