सायकलवरची इंदू

"झाडं आली. इंदू नाही आली," लाल दिव्याखाली फोटोची ओली काच धरून विष्णुपंत म्हणाले.

इंदूने बापाच्या खांद्यावरून वाकून पाहिले. खंदकाकडेचे कडुनिंब पानन् पान ओळखू यावे इतके स्वच्छ आले होते आणि त्यांच्यापुढून एक धुराचा लोट चालला होता. त्या धुराला दोन चाके होती.

"आलेय की बाबा. भूत होऊन आलेय," ती म्हणाली आणि काठी टेकत स्वयंपाकघराकडे गेली.

विष्णुपंत केसकरांचा नगरला कापडबाजाराच्या मागे फोटोचा स्टुडिओ होता. उभ्या जन्मात त्यांनी एकच मंत्र जपला, "हलू नका." नवरा-नवरीला सांगितला, मिशाळ सुभेदारांना सांगितला, रडक्या पोरांना सांगितला. एकदा तर सवयीने खुर्चीत बसवलेल्या मयतालाही सांगितला आणि जमलेल्या सोयऱ्यांना हसावे की रडावे कळेना. हललेला माणूस फोटोत येत नाही, हे त्यांचे वेदवाक्य होते.

त्या वेदवाक्याला सुरुंग लावला एका घोड्याने. सत्तेचाळीस साल होते. भिंगारच्या कँपातले गोरे साहेब सामान विकून विलायतेला निघाले होते, तेव्हा विष्णुपंतांनी एक जुना कॅमेरा घेतला. त्याच्या पेटीच्या तळाशी एक फोटो निघाला. भरधाव घोडा. त्याची आयाळ, डोळा, वरच्या स्वाराची मिशी, सगळे लख्ख. मागचे झाड, कुंपण, बघणारी माणसे मात्र ओल्या रंगावरून फडके फिरवावे तशी आडवी पुसलेली. विष्णुपंतांनी तो फोटो भिंगाखाली पाहिला, अंगणात नेऊन पाहिला, जेवताना ताटाशेजारी ठेवून पाहिला. पळणारा स्पष्ट आणि उभा असलेला पुसट, हे झाले कसे? विचारायचे तर साहेब बोटीत बसलेला.

नेमके त्याच आठवड्यात दत्तोपंत आले. हे इंदूच्या आईचे, द्वारकाबाईंचे मामेभाऊ. लग्ने जुळवण्याचा त्यांना भारी नाद. इंदू तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होती. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला होता. तिला पाहायला मंडळी येत, पोहे खात, शाळेचे कौतुक करत आणि शेवटी कोणीतरी फार गोड आवाजात म्हणे, "मुली, चार पावलं चालून दाखव बरं." इंदू चालून दाखवी आणि मंडळी टांगा बोलावत. मागच्या खेपेला पाहुणे गेल्यावर तिने सांगून टाकले, "यापुढे मी कुणाला चालून दाखवणार नाही." द्वारकाबाईंनी डोळ्याला पदर लावला, पण पोरगी बापासारखीच हट्टी होती.

"श्रीरामपूरचं स्थळ आहे," दत्तोपंत म्हणाले. "साखर कारखान्यात कारकून. सुमंत नाव. त्यांना आधी फोटो हवाय. नकार असला तर फोटो परत येतो, रीतच आहे. खुर्चीत बसवा, मांडीवर शाल, पायाशी एखादी कुंडी. घरचाच तर स्टुडिओ!"

"आणि लग्नानंतर ती कुंडी सगळीकडे बरोबर न्यायची का मामा?" इंदू म्हणाली. "काढायचा तर सायकलवरचा काढा. तिथं मला कुणी लंगडी म्हणत नाही."

खोटे नव्हते ते. डावा पाय जुन्या पातळाच्या काठाने पायडलला बांधून, उजव्याच्या जोरावर ती रोज शाळेला जाई. चालताना एकीकडे कलणारी इंदू सायकलवर सरळ दिसे. विष्णुपंतांना घोडा आठवला आणि ते उठलेच. पोरीच्या नशिबाचा प्रश्न आणि आपल्याला एका कोड्याची खाज, याची त्यांना मनातून लाज वाटली. पण कॅमेरा तोवर खांद्यावर चढला होता.

रोज सकाळी शाळेआधी किल्ल्याच्या खंदकाकडेच्या रस्त्यावर हा उद्योग चाले. विष्णुपंत तिपाई रोवत, रस्त्यावर चुन्याची रेघ मारत, इंदू रेघेवर आली की खटका दाबत. दरवेळी झाडे येत आणि इंदूचा धूर होई. डोक्यावर दुधाची घागर घेऊन भीमाबाई गवळण तिथूनच शहरात जाई. ती थांबून मजा बघू लागली.

"आवं फोटूवाले, पोरगी कवाच म्होरं ग्येली. तुमी काय झाडांची लग्नं जमवताय व्हय?"

महायुद्ध संपले तरी फोटोच्या काचांची टंचाई होतीच. एके सकाळी काच उरली नव्हती, म्हणून विष्णुपंत कॅमेरा न घेताच कठड्यावर बसून राहिले. इंदू लांबून आली, समोरून गेली. तिच्या कानातली कुडी दिसली, कपाळावरचा घाम दिसला. मागची झाडे मात्र पाण्यासारखी वाहत गेली. विष्णुपंत ताडकन उभे राहिले.

"माझी मान फिरली!" ते ओरडले. "तिच्याबरोबर माझी मान फिरली!"

"आवं मंग, मान हाय ती फिरनारच की," भीमाबाई म्हणाली.

"माझी फिरते गं. कॅमेऱ्याची मी आवळून ठेवलीय."

घरी येऊन त्यांनी तिपाईवरचा स्क्रू सैल केला. कॅमेरा भोवऱ्यासारखा गरगर फिरला, तेव्हा म्हातारा लहान पोरासारखा हसला. मिळवलेली पुढची काच मात्र त्याहून वाईट निघाली. आता झाडेही पुसली आणि इंदूही.

"बाबा, तुम्ही माझ्याबरोबर छान फिरता," इंदू म्हणाली. "पण खटका दाबताना थांबता. श्वाससुद्धा धरता."

"मग? फोटो काढताना हलायचं नाही."

"ते तुम्ही लोकांना सांगता ना?"

विष्णुपंतांची सवय हाडात शिरली होती. मग ते रिकामाच कॅमेरा घेऊन शिकू लागले. टांगा गेला, त्याच्याबरोबर फिरले. शेळी गेली, तिच्याबरोबर फिरले. खटका दाबायचा आणि दाबून झाल्यावरही फिरत राहायचे, जणू काही झालेच नाही.

"माज्याकडं कशाला फिरवताय? मी लगीन झाल्याली बाई हाय," भीमाबाई म्हणाली.

"तू चाल. मी शिकतोय."

"या वयात? शिका बाबा, लई शिका!"

शेवटी ती काच आली. लाल दिव्याखाली आधी पुसट पट्टे उमटले, मग त्या पट्ट्यांतून इंदू निघाली. कुडी, उडालेली वेणी, हँडलवरची बोटे, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे हसणारे. पोरगी इतकी देखणी आहे हे विष्णुपंतांना आजवर ठाऊक नव्हते. कागदावर छापल्यावर आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. अंग सगळे लख्ख होते, पण पाय पायडलबरोबर गोल फिरत असल्यामुळे दोन्ही पायांचा नुसता भोवरा झाला होता. डावा कोणता, उजवा कोणता, काही कळत नव्हते.

"देव पावला!" द्वारकाबाई म्हणाल्या. दत्तोपंत म्हणाले, "कुंडीपेक्षा बेस्ट! आजच टपालात टाका."

विष्णुपंतांनाही तेच वाटले. यात खोटे काय होते? कॅमेऱ्याने पाहिले तेच आले होते.

इंदूने फोटो खूप वेळ पाहिला. "ही मीच आहे," ती म्हणाली. "पण बाबा, पाय?"

"फिरणारे पाय असेच येतात. सगळ्यांचेच."

"सगळ्यांचे येऊ देत. आणखी एक काढा. उभी, काठी घेऊन. दोन्ही पाठवा."

"इंदे, हातचं स्थळ घालवशील गं," आई कळवळली. तोवर इंदू स्टुडिओत जाऊन पडद्यासमोर उभीसुद्धा राहिली. पातळाच्या निऱ्या तिने हाताने थोड्या वर धरल्या, दोन्ही पाय दिसतील इतक्या. विष्णुपंतांनी स्क्रू पुन्हा आवळला. पण त्यांच्या तोंडून नेहमीचा मंत्र काही निघाला नाही. तो सांगावाही लागला नाही.

पंधरवड्याने श्रीरामपूरचे पाकीट आले. चिठ्ठीत मोजकेच लिहिले होते, योग दिसत नाही, क्षमा असावी. सोबत फोटो परत आला होता. एकच. काठीवाला.

द्वारकाबाईंनी पाकीट उलटे करून झटकले. "दुसरा विसरले वाटतं."

"रीतीप्रमाणे मागवून घेऊ का?" विष्णुपंतांनी विचारले.

इंदू आरशापुढे वेणी घालत होती. कोणी ठेवून घेतला असेल? सासू होणार होती तिने, की त्या मुलाने? तिला वाईट वाटत होते, आणि जाणून घ्यावेसेही वाटत होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यांच्याकडे राहू द्या."

मग तिने परत आलेला फोटो उचलून बापाच्या हाती दिला. "हा स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावा. नीट आलाय."

पाय पायडलला बांधून ती शाळेला निघाली. विष्णुपंत तो फोटो हातात धरून स्टुडिओच्या दारात उभे राहिले. दुकानांवरून, टांग्यांवरून त्यांची मान तिच्याबरोबर फिरत गेली. कोपऱ्यावर ती वळली, दिसेनाशी झाली. मान मात्र थोडी पुढपर्यंत तशीच फिरत राहिली.