खडकात खणलेली तोफ

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. पण मला चाके नाहीत आणि माझ्या अंगात लोखंडाचा कणही नाही. माल्टा बेटाच्या किनाऱ्यावर, खडकात खणलेला मी एक मोठा तिरपा खड्डा आहे. तळाशी बंदुकीच्या दारूचे पिंप, त्यावर जाड लाकडी झाकण आणि झाकणावर गाडाभर दगड. वात पेटवली की ते दगड खाडीत शिरणाऱ्या होड्यांवर कोसळावेत, अशी योजना.

विस्तिन नावाच्या पाथरवटाने मला एका उन्हाळ्यात घडवले. चाचणीच्या दिवशी माझे दगड खाडीतल्या काळ्या खडकापर्यंत गेले. बेटावर राज्य करणाऱ्या सरदारांनी माना डोलावल्या, विस्तिनची पाठ थोपटली आणि ते निघून गेले. मग वीस वर्षे कोणी फिरकले नाही. माझ्यात पावसाचे पाणी साचे आणि गावच्या बायका त्यात कपडे धूत. ज्या शत्रूसाठी मला खणले, तो दिसतो तरी कसा, याचे मला फार कुतूहल होते.

एके वर्षी तुर्कांच्या एका मोठ्या जहाजावरच्या कैद्यांनी ते जहाजच ताब्यात घेतले आणि आमच्या बंदरात आणले. सुलतान खवळला. जहाज परत करा, नाहीतर युद्ध, असा त्याचा निरोप आला. फ्रान्सच्या राजाने मध्यस्थी सुरू केली. पत्रे घेऊन गलबते जात, उत्तराची वाट पाहण्यात महिने जात. तोवर इकडे तटांची डागडुजी झाली, गुरे आतल्या गावांत हलवली आणि मला उपसून, आत गवत जाळून कोरडे केले आणि दारू नि दगड भरले.

"आता कपडे कुठे धुवायचे, काका?" माझ्यात कपडे धुणाऱ्या कातरीनने विचारले. तिचा भाऊ धान्य आणायला सिसिलीला गेला होता आणि चार महिने त्याचा पत्ता नव्हता.

"सुलतान येतोय ना, त्याच्याकडेच देऊ धुवायला," विस्तिन म्हणाला. त्याचे केस आता पांढरे झाले होते. वात लावायचे काम त्याच्याकडेच दिले होते.

एका धुकट सकाळी खाडीत एक शीड दिसले. आपल्या होड्या लावत तो खुणेचा बावटा त्यावर नव्हता. पहाऱ्याचा नायक रोकू धावत आला.

"काका, लावा बत्ती."

"थांबा, नायक."

कातरीन खडकावर चढून पाहत होती. "शिडावरचं ते तपकिरी ठिगळ मी शिवलंय," ती म्हणाली. "माझ्या भावाची होडी आहे ती."

"होडी त्याची असेल," रोकू म्हणाला, "पण आत कोण बसलंय? तुर्कांनी त्याला धरून तीच होडी पुढे केली असेल तर? मागे अख्खं गाव आहे, कातरीन."

रोकूचे म्हणणे खोटे नव्हते.

विस्तिनने जळती काडी वातीजवळ धरली, पण टेकवली नाही. "माझे दगड काळ्या खडकाच्या पलीकडे पोचत नाहीत," तो म्हणाला. "होडी खडकापाशी येऊ दे. तिथून काठाला लागेपर्यंत साठ आकडे मोजून होतात. वात तिसात जळते. म्हणजे तीस मोजेपर्यंत बघू या."

होडी खडकापाशी आली. विस्तिन मोजू लागला. इतकी वर्षे ज्या शत्रूची वाट पाहिली, तो मला त्या क्षणी मुळीच नको होता. विस्तिन एकवीसवर असताना होडीत कातरीनचा भाऊ उभा राहिला आणि ओरडला.

"कातरीन! फ्रान्सच्या राजानं जहाज विकत घेतलंय! सुलतानाला परत देणार! लढाई टळली!"

विस्तिनने काडी समुद्रात फेकली आणि तो खाली बसला. रोकू त्याच्याशेजारी बसला.

"मी लावली असती," तो म्हणाला.

"म्हणून तर काडी माझ्याकडे होती," विस्तिन म्हणाला.

मित्रांनो, त्यानंतर मला कोणी पेटवले नाही. आता लाटा माझी कड कुरतडतात आणि फिरायला येणारे लोक माझ्यात कचरा टाकतात. माझ्या धाकाने कोणी पळाले नाही, म्हणून मला निकामी समजू नका. कधी आलात तर वाकून आत पाहा. विस्तिनच्या छिन्नीच्या खुणा अजून बोटांना जाणवतात. त्यांवरून हळूच हात फिरवा आणि मग तुमच्याबरोबरचा कागद, बाटली घरी घेऊन जा.