केसपेपर कोणाचा

हौसाकाकूने सुनेचे कपडे पिशवीत कोंबले आणि पिशवी ओट्यावर आणून ठेवली. भाविकाला सातवा महिना. तिला आत्ताच्या आत्ता धसईला माहेरी पोचवायचं आणि पोर कोणाचं ते तिच्या आईबापाला विचारायचं, असं काकूचं चाललं होतं. शेजारणी पडवीत जमल्या होत्या. भाविका खांबाला धरून रडत होती आणि माझ्याकडे बघत होती. बघणारच. हे सगळं माझ्यामुळे झालं होतं.

मी कमळ, डोळखांबकडच्या या पाड्याची आशा सेविका. चौदा वर्षं बायकांना सांगत आले, अंगावरून जातंय, जखम झालीय तर लाजू नका, तपासून घ्या, औषधाने बरं होतं. तोंड माझं फाटकं, भल्याभल्यांना गप्प करते. पण माझ्याच अंगावर चट्टे उठले तेव्हा दोन महिने मला वाचा फुटली नाही. शेवटी भाविकाला गरोदरपणाच्या तपासणीसाठी शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा तिला शेजारी घेऊन मी आठ नंबरच्या खोलीबाहेर बसले. तिथे गुप्तरोगाची तपासणी होते, हे सगळ्यांना ठाऊक. पण आशा बाकावर दिसली तर कोणी वळून बघत नाही. कोणाला तरी घेऊन आली असेल, म्हणतात. त्याच भरवशावर मी होते.

तर समोर आमच्याच पाड्यातली शकू. तिने विचारलं, इथे कोणासाठी? आणि मी मेलीने भाविकाकडे बोट दाखवलं.

ती पोर खाली मान घालून गप्प राहिली. माझी लाज तिने झाकली. आणि आता घराबाहेर काढत होते तरी तोंड उघडत नव्हती.

मी पिशवी उचलून आत ठेवायला गेले तर काकू आडवी आली. तूच हिला तिथे नेलंस, शकूने डोळ्यांनी पाहिलंय, म्हणाली. शकूची नजर चुकली असं म्हणून निसटता आलं असतं. खरं सांगते, तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"केसपेपर माझा हाय, काकू," मी म्हटलं. "गरमीचा रोग मला निघालाय. हिचं रक्त चांगलं आलंय. मी घाबरले नि हिच्यावर ढकललं."

शकूने तोंडाला पदर लावला. काकूने विचारलं, मग चंदरला? चंदर माझा नवरा, टेम्पो चालवतो. त्यालाही तपासावं लागेल, मी सांगितलं, दोघांनी इंजेक्शनं घेतली की बरं होतं. तो मलाच 'कोणाकडून आनलंस' विचारून घरातून निघून गेलाय आणि फोन उचलत नाही, हे मात्र नाही सांगितलं. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

पुढच्या शुक्रवारी भाविकाची ओटी भरली. मी कडेला उभी होते. चार सवाष्णींचं झालं. पाचवी कोण, म्हणून काकू सगळीकडे बघत होती, माझ्याकडे सोडून. भाविका पदर पसरून बसून राहिली.

"कमळताईने भरल्याबिगर मी उठायची नाय."

काकूने तांदळाचं सूप माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवलं आणि बाजूला सरली. मी वाकून ते उचललं आणि भाविकासमोर जाऊन बसले.