माझा काप आधी पाहा

सकाळी सव्वादहाला काचपट्टीवर रंग उठला नाही. पट्टीवर दोन ठिपके होते. एक शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या पेशींचा, दुसरा माझा.

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. माझ्या पोटात निरोगी फुफ्फुसाचा तुकडा आहे. एका शस्त्रक्रियेत तो निघाला, वितळलेल्या मेणात बसवला गेला आणि मी जन्मलो. तेव्हापासून मी प्रयोगशाळेच्या खणात राहतो. माझे काम साक्ष देण्याचे. फुफ्फुसाच्या पेशी ओळखणारी अँटिबॉडी घातली, की मी तपकिरी व्हायलाच हवे. म्हणून रुग्णाच्या पेशींशेजारी माझा पातळ काप ठेवतात. निदान झाले की कौतुक डॉक्टरांचे होते. मी परत खणात.

त्या बाईंना पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. बऱ्या होऊन त्या पुन्हा मशीनवर बसल्या. आता छातीत पाणी झाले आणि त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या. जुना रोग उलटला, की फुफ्फुसात नवाच उपजला? औषध त्यावर ठरणार होते.

"फुफ्फुसाचा रंग नाही आला, मॅडम. म्हणजे जुनंच," टेक्निशियन म्हणाला. "बाहेर त्यांची मुलगी बसलीय. सांगू?"

डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले नाहीत. "थांब. शेजारचा ठिपकाही कोराच आहे. साक्षीदारच मुका, आणि तू निकाल देतोस?"

काप आधी कडक गरम पाण्यात तापवावे लागतात, त्याशिवाय ही अँटिबॉडी चिकटत नाही. भांड्याचे झाकण तिरके होते, म्हणून पाणी पुरेसे तापलेच नव्हते.

"झाकण लावलं होतंस ना?"

"लावलं... म्हणजे, ठेवलं होतं."

"घरी कुकरलाही नुसतं ठेवतोस का रे?"

माझा आणि बाईंच्या पेशींचाही नवा काप निघाला. दुपारी मी तपकिरी झालो, आणि शेजारी बाईंच्या पेशीही. स्तनाच्या पेशी ओळखणाऱ्या अँटिबॉडीला मात्र त्या पेशींनी दाद दिली नाही; तिच्यासाठी ठेवलेला स्तनाच्या तुकड्याचा साक्षीदार चोख रंगला होता, तरीही. कर्करोग दुसरा होता, नवा.

"मग हे बरं की वाईट?" मुलीने विचारले.

"वेगळं आहे, बाळ. म्हणून औषधही वेगळं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यातला तुकडा आता नखाएवढा उरला आहे. मला थंड जागी ठेवा, काप जपून घ्या. आणि मी गप्प असेन, तर माझ्या शेजाऱ्याबद्दल काही बोलू नका.

बाईंचे नवे औषध सुरू झाले. आज त्यांच्या छातीत पुन्हा थोडे पाणी दिसले. त्या पेशी त्यात अजून आहेत का, ते पाहायचे आहे. माझा काप पट्टीवर चढला आहे. झाकण घट्ट बसले आहे. पाणी तापते आहे.