राळ, चरबी आणि मालानचे बोट

लोकर उकळल्यावर पाण्यावर तरंगणारी पिवळी चरबी.

जिथे एकही उंच झाड उगवत नाही, अशा गावात पाइनच्या राळेचा वास.

कोकराचे तोंड, कडेने खपल्या धरलेले.

लाल धागा. काळा धागा.

जून महिन्यात एकाच हातात हातमोजा घालून हिंडणारा म्हातारा.

दोन दिवस न काढायची पट्टी.

मित्रांनो, या गोष्टी एकमेकींच्या कोणी लागत नाहीत असे तुम्हाला वाटेल. त्या सगळ्या माझ्या लागतात. मी एक जुनी मलमाची डबी आहे. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवरच्या एका खाडीकाठच्या घरात राहते, आणि सध्या मजेत आहे.

झाकण

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका कारखान्यात झाला, तोही मलमासाठी नव्हे. माझ्यात खोकल्याच्या गोळ्या होत्या. झाकणावर एक कोंबडा होता. त्याचा तुरा अजून दिसतो, बाकीचा कोंबडा लोकांच्या अंगठ्यांनी पुसून नेला.

या घरातल्या हानुसच्या वडिलांनी मला बोटीवरून घरी आणले. गोळ्या संपल्यावर हानुसच्या आईने मला धुतले आणि माझ्यात तिचे मलम भरले. मेंढीची लोकर उकळून काढलेली चरबी, थोडे मेण, आणि नावेच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला आणतात ती राळ. तिच्यानंतर हे मलम तिची सून, म्हणजे हानुसची बायको मालान, करू लागली. दर शरद ऋतूत, मेंढ्या कापून झाल्या की, मालान नवे मलम जुन्यावरच ओतायची. पहिल्यांदा धुतल्यापासून माझा तळ कोणी पाहिला नव्हता. मीही नाही.

चाळीस वर्षे मी कामात होते. खाऱ्या पाण्याने फाटलेले कोळ्यांचे हात, मेंढ्यांच्या भेगाळलेल्या सडांच्या कडा, पाद्रीबाबांचा उललेला ओठ, सगळ्यांसाठी माझे झाकण उघडले. लोक म्हणत, "मालानची डबी आण." औषध आण, असे कोणी म्हणत नसे. मित्रांनो, असे ऐकले की पत्र्यालाही ऊब येते.

फक्त हानुसने मला कधी बोट लावले नाही. त्याला माझा वास सहन होत नसे. "नाव रंगवायला घ्या ते, नवरा नको," असे तो म्हणायचा.

आत

त्या वर्षी मे महिन्यात एक कोकरू आईविना राहिले. हानुसने ते अंगरख्यात घालून डोंगरावरून आणले आणि चुलीजवळच्या खोक्यात ठेवले. त्याच्या तोंडाभोवती खपल्या होत्या. बाटलीतले दूध ते ओढेना. मालानने तेच केले जे या गावातली प्रत्येक बाई करते. उजव्या हाताचे पहिले बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात घातले आणि त्याला चोखायला शिकवले. त्या बोटाला विणकामाची सुई टोचून झालेली बारीक जखम होती.

आठवड्याने बोटावर फोड आला. मधे लाल, भोवती पांढरे कडे, बाहेर पुन्हा लाल. वटारलेल्या डोळ्यासारखा. कोणी घाबरले नाही. वसंतात असा फोड इथे कोणाला ना कोणाला येतोच. त्याला कोकराचा फोड म्हणतात, आणि तो दाखवायला डॉक्टरकडे गेलात तर गाव हसते.

मालानने माझे झाकण उघडले.

आता सांगायला हवे की त्या बोटाला तेव्हा फार मोठे काम होते. नात बाइन्टाचे लग्न जुलैच्या शेवटच्या शनिवारी ठरले होते. या घरातल्या नवऱ्या मुलीला लग्नात घालायचे लाल-काळे विणलेले जाकीट आजीने द्यायचे, आणि ते पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकाच हाताचे असायचे, ही रीत होती. अंग विणून झाले होते. दोन्ही बाह्या बाकी होत्या. एका बाहीला मालानला महिना लागे.

मलम लावल्यावर दुसऱ्या दिवशी बोट जास्त लाल झाले. मालान म्हणाली, "घाण बाहेर काढतंय." मग दिवसातून दोनदा लावले. फोडाभोवती पाण्याचे बारीक फोड उठले, खाज सुटली. "काढतंय, काढतंय," ती म्हणाली, आणि तीनदा लावू लागली. वर कापड बांधले. पुरळ मनगटापर्यंत चढले. एकदा तिने त्याच हाताने डोळा चोळला आणि पापणी बेडकासारखी सुजली. बोट वाकेना. सुई धरवेना.

प्रत्येक वेळी ती मलाच हाक मारत होती, आणि प्रत्येक वेळी मी आनंदाने उघडत होते.

दर गुरुवारप्रमाणे विणकामाच्या बायका जमल्या. समोरच्या घरातली एल्स्पा मालानच्या हाताकडे बघून म्हणाली, "एक बाही मला दे गं. मी विणते."

"तुझे टाके? अगं, तुझ्या घट्ट मोज्यात नवऱ्याचे पाय निळे पडायचे."

"निळे पडायचे, पण उबदार असायचे. तुझ्या मोज्यातून तर मासे गळून जातील."

"एका हाताचं जाकीट आहे, एल्स्पा. दोन हातांचं नाही."

"एक हात तरी कुठे आहे तुझ्याकडे आत्ता?"

त्यावर मालानने कॉफी ओतली, डाव्या हाताने, आणि अर्धी बशीत सांडली.

शनिवारी बाइन्टा शहरातून आली. आजीचा हात पाहून तिने कोट काढलाच नाही. "चल. आत्ता."

"कोकराच्या फोडाला डॉक्टर? गाव हसेल."

"कोकराचा फोड मनगटावर चढतो का गं, आजी? हसू दे गाव. आजोबा, गाडी काढा."

मालानने जाताना मला पर्समध्ये टाकले. वाटेत लावता येईल म्हणून.

डॉक्टर आस्गर तरुण होता. डेन्मार्कहून येऊन त्याला तीन आठवडे झाले होते. त्याने हात उलटापालटा करून पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"आजी, आत पू झाला असेल. किंवा गाठ. तुम्हाला उद्याच मोठ्या इस्पितळात पाठवतो. बोट उघडून बघावं लागेल."

"उघडून म्हणजे?"

"कापून."

"आणि मग विणायचं कधी?"

डॉक्टरने बाइन्टाकडे पाहिले. "या उन्हाळ्यात तर नाही."

मालानने पर्स मांडीवर ओढून घेतली. पर्सवर ठेवलेला तिचा डावा हात मला बाहेरून जाणवला.

तेव्हा दाराशी उभा असलेला हानुस खाकरला. त्याच्या डाव्या हातात हातमोजा होता. दोन आठवडे तो मोजा काढला नव्हता, जेवताना हात टेबलाखाली ठेवला होता, आणि थंडी वाजते म्हणून सांगितले होते. त्याने मोजा ओढून काढला.

अंगठ्यावर फोड होता. तसाच. मधे सुकलेला, कडेने आटत आलेला. भोवतीची कातडी स्वच्छ.

"त्याच कोकराचा," तो म्हणाला. "माझा तिच्या आधीचा."

डॉक्टरने त्याला खुर्चीवर बसवले आणि दोघांचे हात शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिले. "याला तुम्ही काय लावलंत?"

"काही नाही. लपवला."

"कोणापासून?"

"डॉक्टर, तुझं लग्न झालंय का?"

"नाही."

"मग नाही कळायचं. हिला दिसला असता तर हिने ते लावलं असतं." त्याने हनुवटीने पर्सकडे खूण केली.

"हानुस!" मालान म्हणाली. "दोन आठवडे! मी तुझे हात धुवायला साबण देत होते आणि तू..."

"एका हातानेच धूत होतो."

बाइन्टा हसू दाबायला खिडकीकडे वळली. डॉक्टरने मला बाहेर काढले, झाकण उघडले, हुंगले, आणि विचारले की यात काय आहे. मालानने अभिमानाने सांगितले. चरबी, मेण, राळ.

मग त्या मुलाने एक चांगली गोष्ट केली. तो म्हणाला, "मला नक्की माहीत नाही. थांबा, विचारतो." त्याने त्वचेच्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"कोकराचा फोड?" फोनमधला आवाज म्हणाला. "अरे बाबा, सुरी खाली ठेव! तो मेंढ्यांच्या विषाणूचा असतो. सहा आठवड्यांत आपला आपण जातो, कापलास तर उलट चिघळतो. आणि बाकीचं पुरळ त्या मलमाचं असणार. लोकरीची चरबी आणि राळ, दोन्ही काहींना चालत नाहीत."

"चाळीस वर्षं चाललं मला!" मालान फोनवर ओरडली.

"बाई, शरीर चाळीस वर्षं हो म्हणतं आणि एक दिवस नाही म्हणतं. उघड्या जखमेवर, वर कापड बांधून लावलं की तो दिवस लवकर येतो."

मालानला पटले नाही. म्हणून परीक्षा ठरली. तिच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे काहीही झालेले नव्हते, तिथे माझ्यातले मलम मटारच्या दाण्याएवढे लावून वर पट्टी चिकटवली. दोन दिवस काढायची नाही. तोवर इस्पितळ थांबेल, आणि हाताला मलम लावायचे नाही.

"माझी डबी पास झाली," मालान म्हणाली, "तर तुम्ही तिघांनी तिची माफी मागायची."

ते दोन दिवस मी डॉक्टरच्या टेबलावर होते. मी स्वतःच्या बाजूने होते, हे कबूल करते. मी पाद्रीबाबांचा ओठ आठवत होते, कोळ्यांचे हात आठवत होते.

सोमवारी पट्टी निघाली. खाली लाल, उठलेला, खाजरा गोल होता. अगदी मलम लावले होते तेवढाच. आणि उजव्या हाताची सूज, दोन दिवस मला टाळल्यावर, उतरू लागली होती.

मालान त्या गोलाकडे पाहत राहिली. मग तिने मला उचलले आणि कोंबड्याच्या तुऱ्यावरून अंगठा फिरवला.

"तुझा दोष नाही गं," ती म्हणाली. "मीच जास्त बोलावलं तुला."

तळ

मला चमच्याने खरवडले. सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात तीनदा धुतले. हानुसने हुंगून चौथ्यांदा धुवायला लावले. चाळीस वर्षांनी मला माझा तळ दिसला. तो चकचकीत होता, आणि रिकामा. तीन आठवडे मी खिडकीत पालथी पडून होते. मित्रांनो, रिकामे असणे मला जमत नव्हते. कोणी म्हणत नव्हते, "मालानची डबी आण."

त्या तीन आठवड्यांतल्या गुरुवारांबद्दल मी आत्ता काही सांगत नाही.

जूनच्या अखेरीस फोडाची खपली पडली. खाली कोवळी गुलाबी कातडी होती. मालानने बोट वाकवले, सरळ केले, पुन्हा वाकवले. कोकरू तोवर खोक्यातून बाहेर येऊन चुलीसमोरची चटई खात होते. तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली, हात साबणाने धुतले आणि विणायला बसली. धागा तुटला तेव्हा सुई ठेवायला तिला काहीतरी हवे होते. तिने मला सरळ केले.

तेव्हापासून माझ्यात सुया असतात. टाके मोजायच्या बारीक कड्या असतात. त्या जुलैमध्ये जाकिटाचे चांदीचे हूकही माझ्यातच होते. आता कोणी मला हलवले की मी वाजते. मलम असताना मी कधी वाजले नव्हते. मला हे आवडते.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी बाइन्टा ते जाकीट घालून नाचली. आमच्याकडे लग्नात सगळे हातात हात गुंफून एकाच साखळीत नाचतात, म्हणून तिच्या दोन्ही बाह्या सगळ्या गावाने पाहिल्या. मला मालानने मांडीवर धरले होते, ऐन वेळी एखादा टाका उसवला तर सुई हवी म्हणून. एक पाहुणी वाकून म्हणाली, "एकाच हाताचं काम लगेच ओळखू येतं, नाही?" मालानने मान डोलावली. शेजारी बसलेली एल्स्पा आपल्या कॉफीत फार काळजीपूर्वक साखर ढवळत होती. डॉक्टर आस्गर साखळीत चुकीच्या पायाने नाचत होता, आणि हानुस दोन्ही हात उघडे ठेवून जेवत होता.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कातडी बोलते, तिचे ऐका. काही लावल्यावर ती जास्त चिडली, तर आणखी लावू नका. थांबा, आणि ज्याला कळते त्याला विचारा, गाव हसले तरी. फोड लपवू नका, हानुसचे नशीब चांगले होते. आणि जुने मलम टाकून दिलेत तरी जुनी डबी टाकू नका. तिला धुवा. तिला दुसरे काहीतरी जमेल.

जाकिटाची डावी बाही जूनमधल्या तीन गुरुवारी, आणि मधल्या प्रत्येक दुपारी, एल्स्पाने विणली. ती उजवीपेक्षा अर्धे बोट आखूड आहे.