लाल पट्ट्याचा धोंडा

मित्रांनो, र्‍वेन्झोरीच्या डोंगरात, तळ्याच्या काठी पडलेला मी एक धोंडा. बर्फानेच मला वरच्या कड्यावरून उपटले, पोटाखाली घालून फरफटत इथवर आणले आणि माझी पाठ ओरखड्यांनी भरून टाकली. तेव्हा तो जाच वाटला होता. आता मात्र त्या ओरखड्यांवाचून माझ्यापाशी त्याचे काहीच उरलेले नाही.

बर्फ माझ्या अंगाला टेकून होता, तेव्हा ब्वांबाले नावाच्या वाटाड्याने माझ्यावर लाल पट्टा ओढला. बर्फाची कड इथे, अशी ती खूण. त्याचा एक नियम होता. माझ्यापाशी पोहोचले की आवाज खाली. वर बर्फाचा धनी कितासांबा राहतो, त्याची झोप मोडायची नाही.

पुढे त्याचा मुलगा मुहिंदो पाहुण्यांना आणू लागला. तो माझ्या पाठीवर पाणी ओतायचा, म्हणजे ओरखडे उठून दिसायचे. "हात लावून बघा," तो हळूच म्हणायचा, "बर्फ कुठून कुठं गेला ते हा सांगतो." मला केवढा अभिमान वाटायचा! पण बर्फ मागे सरत सरत दिसेनासा झाला. तळ्याचे दुधाळ पाणी काळेशार झाले. पाहुणे पट्टा बघत, वरचा उघडा कडा बघत आणि हिरमुसून परत जात.

एके दिवशी पाहुणे उतरत त्या छावणीचा व्यवस्थापक स्वतः वर आला.

"तो पट्टा काढून टाक, मुहिंदो. लोकांना वाटतं, आपल्याला फसवलं."

"साहेब, बाबांच्या हातचा आहे तो."

"मग बस बाबांच्या आठवणी काढत घरी! अरे, पाणी किती नितळ झालंय, ते दाखव की."

"बर्फ दगड दळायचा, म्हणून पाणी दुधाळ होतं. आता जातंच थांबलंय, साहेब."

"हे पाहुण्यांना सांगत बसू नकोस."

रंग माझ्यात मुरला होता. मुहिंदोने छिन्नी घेतली. वाटाड्याचे काम शिकायला आलेली त्याची मुलगी बीरा आजोबांच्या नियमाप्रमाणे कुजबुजली, "बाबा, पुरे. ओरखडे पण निघतायत."

"मोठ्यानं बोल, पोरी!" मुहिंदो ओरडला. "झोप मोडायला इथं उरलंय कोण?"

कड्यावरून त्याचाच आवाज परत आला.

मित्रांनो, बर्फ जपा असे सांगायला मला फार उशीर झाला. जे गेले, त्याची खूण तरी पुसू नका. मुहिंदो आता माझ्यापाशी थांबत नाही. तो पाहुण्यांना नितळ पाणी दाखवतो, आणि मोठ्याने बोलतो.