उलट चालणाऱ्याची बाजू

मोठी काच एकट्याने नेता येत नाही. ती उभी धरावी लागते, तिच्या दोन कडांना दोन माणसे लागतात, आणि दार अरुंद असले किंवा मध्ये पायऱ्या असल्या की त्यांतल्या एकाला उलटे चालावे लागते. त्याला आपली वाट दिसत नाही. दिसतो फक्त काचेपलीकडचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याकडून येतो आवाज: एक पायरी, आता डावीकडे, थांबा. उलट चालणाऱ्याने प्रश्न विचारायचा नसतो. आवाज सांगेल तसे पाऊल टाकायचे.

बावीस वर्षांत काचवाल्याने ही बाजू बायकोला एकदाही दिली नाही. धोका त्या बाजूला असतो, एवढेच कारण तो सांगे. बावीस वर्षे तो तिच्या शब्दावर पाऊल टाकत आला, आणि ही गोष्ट त्याच्या ध्यानातही आली नाही. कारण घरी आले की शब्द त्याचा असे. चर्चच्या मंडळीत तो वडीलपदावर होता, रविवारी उपासनेत वाचन करी. पत्नीने पतीच्या अधीन असावे असे सांगणारा शास्त्रातला भाग त्याला तोंडपाठ होता. त्याच्या अगदी वरची, सर्वांनीच एकमेकांच्या अधीन असावे असे सांगणारी ओळ तो वाचून टाकी. जिना चढताना पहिली पायरी पायाखाली येते आणि आठवत नाही, तशी.

तो दुष्ट नव्हता. भिंतीला कोणता रंग द्यायचा, तिने बहिणीकडे किती दिवस राहायचे, आजारपणात कोणत्या डॉक्टरकडे जायचे, हे तो ठरवी आणि बहुधा चांगलेच ठरवी. ती "बरं" म्हणे. त्या एका शब्दात तिने वर्षानुवर्षे काय काय घडी घालून ठेवले होते, ते तिलाही नीट ठाऊक नव्हते.

मग एका मंगळवारी, दवाखान्याच्या नव्या खिडकीची काच आत नेताना, तो दाराच्या चौकटीला लागता लागता वाचला.

"डावीकडे," ती म्हणाली. "अजून. अहो, डावीकडे म्हणतेय ना मी."

खिडकीपाशी रंधा मारत बसलेल्या सुताराने मान वर केली. "काय काचवाले, घरातही असंच का? वहिनी म्हणतील तिकडे?"

"नाही तर काय," शिडीवरचा रंगारी म्हणाला. "आमच्याकडेही तेच आहे. फक्त आम्ही कबूल करतो."

सगळे हसले. तीही हसली. पुढे कित्येक दिवस तिला आपले ते हसू आठवत राहिले. इतके निर्मळ, इतके मनापासून ती त्याआधी कधी हसली होती, हे मात्र आठवेना.

घरी आल्यावर तो बराच वेळ हात धूत राहिला. टॉवेल घेऊन ती मागे उभी होती.

"उद्यापासून मला वाट सांगायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगायची. मी विचारलं तर बोलायचं. रस्ता मला पाठ आहे."

"अहो, काच असते हातात."

"मला शिकवू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या लांब ओवरीतून त्यांना पुरुषभर उंचीची काच न्यायची होती. सकाळचे ऊन काचेतून आरपार जात होते आणि पलीकडे त्याचा चेहरा, थोडा हिरवट, पाण्याखालचा वाटावा असा, तिच्याकडे न पाहता मागे मागे सरकत होता. वळणापलीकडे कोणीतरी ठेवलेली बादली तिला दिसली. पाच पावले होती. पाच पावले म्हणजे पुष्कळ वेळ. पहिल्या पावलाला तिच्या ओठावर शब्द आला. दुसऱ्या पावलाला तिने तो गिळला. तिसऱ्याला वाटले, विचारतील. चौथ्याला तिने त्याच्याकडे निरखून पाहिले. त्या ताठ मानेकडे, त्या मिटलेल्या ओठांकडे. पाचव्या पावलाला तिच्या मनात जे होते त्याला आज्ञापालन म्हणत नाहीत.

काच फुटण्याचा आवाज फार मोठा नव्हता. काचेचा एक तुकडा हातमोज्याच्या वर, त्याच्या उजव्या मनगटात खोल गेला.

"हात वाचला," शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "पण मूठ पूर्वीसारखी वळेल असं मी सांगणार नाही." काच कापायची हिरकणी ज्या बोटांत धरायची, तीच तीन बोटे. दुकानाच्या भिंतीशी काचा एकमेकींना टेकून तशाच उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यावर धूळ बसू लागली, तेव्हा कुठे त्या तिथे आहेत हे डोळ्यांना कळू लागले.

घरात मात्र एक नवाच माणूस परतून आला. "खिडकी उघडू का?" तो विचारी. "तुला चालेल का?" विचारी. शर्टाच्या गुंड्या लावून घेताना मान खाली घालून उभा राही. बावीस वर्षे जे मिळावे असे तिला वाटत होते ते आता रोज, न मागता, तिच्या पुढ्यात येत होते, आणि तिला ते घेता येत नव्हते. प्रत्येक प्रश्नागणिक तिच्या आत काहीतरी बारीक कचकचे, पायाखाली काचेचा चुरा यावा तसे.

पाळक भेटायला आले. काचवाल्याने त्यांना सगळे सांगितले; आपला हुकूम, आपला अहंकार, तिचे गप्प राहणे. पाळकांनी ऐकून घेतले आणि निघताना दारात तिच्यापाशी थांबले.

"बाई, तुम्ही त्यांच्या शब्दाबाहेर गेला नाहीत. तुमच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. रविवारी ते साक्ष देणार आहेत, मंडळीसमोर. तरुण जोडप्यांनी ऐकायला हवं असं मला वाटतं."

"बरं," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. त्या हाताने त्याला लिहिता येत नव्हते, म्हणून वही तिच्यापुढे होती. तो सावकाश सांगत होता, ती लिहीत होती. मी कुटुंबाचे मस्तक आहे असे समजत होतो. ज्याने शिष्यांचे पाय धुतले त्याच्याकडे पाहायला मी विसरलो. स्वतःवर इतके कठोर तो कधी बोलला नव्हता, आणि ते कठोर शब्द तिच्या वळणदार अक्षरात किती नीटस दिसत होते.

"पुढे लिही. माझ्या पत्नीने बादली पाहिली होती. पण मीच तिचं तोंड बंद केलं होतं. ती माझ्या आज्ञेत राहिली."

पेन थांबले.

"लिहिलंस?"

"नाही."

"काय झालं? फार भराभर सांगतोय का?"

"हे मी लिहिणार नाही."

तो थोडा हसला. "अगं, लाज कसली त्यात? तुझा दोष नाही म्हणून सांगतोय मी. घाबरलीस तू माझ्या शब्दाला."

"घाबरले नव्हते." तिने पेन वहीवर आडवे ठेवले. "काच हातात असताना मी कधी कुणाला घाबरले नाही. तुम्ही पडावं असं मला वाटलं. पाच पावलं होती. मला हाक मारता आली असती. तुम्ही पडावं, आणि मग मी म्हणावं, तुम्हीच सांगितलं होतं ना. एवढंच हवं होतं. हात नको होता. देवाशपथ, हात नको होता मला."

बाहेर कोणाची तरी सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. तो वहीकडे, अर्ध्यात थांबलेल्या ओळीकडे पाहत राहिला.

"पाच?" तो म्हणाला.

"पाच."

"आणि माझा चेहरा दिसत होता तुला."

"हो."

तो उठला आणि बाहेर निघून गेला. तिने वही मिटली नाही. त्याने मंडळीसमोर गुडघे टेकावेत आणि आपण पुढच्या बाकावर निष्कलंक बसावे, एवढे सोपे होते ते. एक ओळ लिहिली असती की झाले असते. आता ती ओळ कधी लिहिली जाणार नव्हती, आणि जो माणूस "खिडकी उघडू का" असे विचारत होता तो परत येईल की नाही, हेही सांगता येत नव्हते.

तो ऊन उतरल्यावर आला. ही बोटांच्या व्यायामाची वेळ होती. परिचारिकेने शिकवून ठेवले होते: एकेक बोट आत वळवायचे, दुखेल तिथे त्याने सांगायचे, तिथे तिने थांबायचे. त्याने आजवर एकदाही सांगितले नव्हते. दात आवळून बसे, आणि ती अंदाजाने थांबे. आज तो समोर बसला, पण हात मांडीवरच ठेवला.

"पाळकांना सांग, उद्या मी बोलणार नाही."

"विचारतील, का म्हणून."

"सांग, आमचं दोघांचं अजून बोलून व्हायचं आहे." मग भिंतीकडे पाहत: "मला राग आहे. तो जाईल की नाही, ठाऊक नाही. उगाच क्षमा केली म्हणणार नाही मी."

"नका म्हणू."

"आणि ते जे सांगितलं वहीत, माझ्याबद्दल, तेही खोटं नाही."

"नाही."

मग त्याने हात उचलून टेबलावर ठेवला, तळवा वर करून. व्रणावर अजून गुलाबी कातडी चकाकत होती. त्या हाताला स्पर्श करण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे का, हे तिला कळेना, आणि विचारण्याचे धैर्यही होईना.

"घे," तो म्हणाला.

तिने तर्जनी धरली आणि हळूहळू आत वळवली. बोट थंड होते. ते वळत गेले, जरा अडले, आणखी थोडे वळले.

"दुखतंय," तो म्हणाला.

ती थांबली.